जांभ्यात अर्थिंग लागत नाही, मग न्यूट्रललाच जोडायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पुढं जांबोटी रस्त्याला नवं घर बांधलंय. खाली सगळा जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड. वायरमननं अडीच मीटरचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप पुरून कोळसा-मीठ घातलं, तरी फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात. वायरमन म्हणतो, "जांभ्यात अर्थिंग लागत नाही, बोर्डातच अर्थची तार न्यूट्रलला जोडून टाकू, सगळीकडं असंच असतं." सासऱ्यांचं म्हणणं, खड्डा आणखी दहा फूट खोल घ्या. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे, त्याचा मीटर वेगळा. तर त्याच्यासाठी दुसरा खड्डा लागेल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. न्यूट्रलला अजिबात जोडू नका. दहा फुटी खड्ड्यावर पैसे घालण्याआधी पाईपापासून फ्रीजच्या सॉकेटपर्यंत अर्थची तार खरोखर पोचली आहे का ते बघा, कारण मला पक्का संशय आहे की ती पोचलेली नाही. आणि डीबीत, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचांच्या पेटीत, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, बसवा. जांभ्याच्या मुलखात ती शोभेची वस्तू नाही. तुमच्या घरात अर्थिंगचं निम्म्याहून जास्त काम तीच करणार आहे.

तार पोचलेली नाही असं इथं बसून कसं म्हणतो? फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांच्या आत इलेक्ट्रॉनिक फिल्टर असतो. त्यातल्या कपॅसिटरमधून फेजचा अगदी थोडा करंट पत्र्याच्या बॉडीवर येतो, साधारण अर्धा-एक मिलिअँपिअर. तो अर्थच्या पिनेतून निघून जाईल असं धरूनच कारखान्यात यंत्र बनवलेलं असतं. त्याला वाट मिळाली नाही की बॉडीवर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात, टेस्टर पेटतो आणि ओल्या पायानं हात लावला की मुंग्या येतात. आता हिशेब करा. तुमच्या पाईपाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जांभ्यामुळं ८० ओहम आला असं समजू. एक मिलिअँपिअर गुणिले ८० ओहम म्हणजे ०.०८ व्होल्ट. एवढ्यानं मुंगीलासुद्धा मुंग्या येणार नाहीत. म्हणजे पाईप कितीही वाईट असो, तार जोडलेली असती तर ही झिणझिण गेलीच असती. जांभा निर्दोष आहे. वाट मधेच कुठंतरी तुटली आहे.

ती कुठं तुटते, हे सांगायला फार हुशारी लागत नाही, त्याच त्या जागा असतात. पहिली जागा फ्रीजचा एक्स्टेन्शन बोर्ड. बाजारात तीन भोकांचे सॉकेट लावलेले बोर्ड मिळतात, पण आत वायर दोनच पदरांची असते. तिसरं भोक नुसतं दिसायला. दुसरी जागा थ्री-पिन टॉप. तो उघडून बघा, वरच्या जाड पिनेचा स्क्रू ढिला असतो किंवा हिरवी वायर आतच कापून दुमडून ठेवलेली असते. ही पिन इतर दोघींपेक्षा लांब मुद्दामच केलेली आहे. आत जाताना तिनं आधी टेकायचं आणि काढताना शेवटी सुटायचं, म्हणजे फेज लागलेला असेपर्यंत अर्थ लागलेलाच राहतो. बसत नाही म्हणून ती पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत. तिसरी जागा भिंतीतला स्विचबोर्ड. पॉवरच्या १६ अँपिअर सॉकेटला अर्थ दिलेली असते आणि शेजारच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तिथून साधा तुकडाही ओढलेला नसतो. चौथी जागा बाहेर खड्ड्यातच. पाईपाला तार नुसती गुंडाळलेली, वर सिमेंट. दोन पावसाळे गेले की गंज चढतो आणि जोड नावाला उरतो.

तपासणी सोपी आहे, पण मेन बंद करून करा. एक लांब वायर पाईपाच्या डोक्याला बांधून घरात आणा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक त्या वायरला आणि दुसरं सॉकेटच्या वरच्या भोकातल्या पत्रीला लावा. एक ओहमच्या आतबाहेर दिसलं तर तार शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर एकेक बोर्ड उघडत मागं मागं जा. एवढं झालं की मुंग्यांचा निकाल लागेल. पण गोष्ट इथं संपत नाही, कारण मुंग्या येणं आणि माणूस दगावणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

आपल्याकडं सर्रास म्हणतात, करंट जमिनीत जिरतो. जिरत बिरत काही नाही. टीसीमधून, म्हणजे पलीकडं महाराष्ट्रात ज्याला डीपी म्हणतात त्या ट्रान्सफॉर्मरमधून निघालेला करंट परत त्याच टीसीच्या न्यूट्रलकडं जातो, दिवस मावळला की गुरं आपापल्या गोठ्याकडं वळतात तसा. ११ हजार व्होल्टचे ४३३ करणारा हा टीसी. त्याचा न्यूट्रल तिथंच खांबाच्या पायथ्याशी जमिनीत घातलेला असतो. तुमच्या गिझरची फेज वायर आत सुटून टाकीला लागली, तर करंटनं टाकी, हिरवी वायर, तुमचा पाईप, मधली सगळी जमीन, टीसीचा पाईप आणि न्यूट्रल असा फेरा पुरा करायचा असतो. हा फेरा जितका सैल, म्हणजे रोध कमी, तितका करंट मोठा, आणि मोठा करंट गेला तरच एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडणार.

गोची इथं आहे. तो करंट किती मोठा होईल ते आकड्यात बघू. अथणी किंवा चिकोडीकडची काळी, ओल धरणारी जमीन घ्या. मातीची रोधकता, म्हणजे माती करंटला किती अडवते ते माप, २० ओहम-मीटर धरली तर अडीच मीटरच्या साध्या रॉडचा रोध सुमारे ८ ओहम येतो. हे झालं झकास अर्थिंग. टीसीकडचा रोध ५ ओहम धरा. २३० भागिले १३ म्हणजे साधारण १८ अँपिअर. आणि सॉकेटची एमसीबी आहे १६ ची. मानकाप्रमाणं १.१३ पटीपर्यंत, म्हणजे १८ अँपिअरपर्यंत, तासभर पडायचं नाही असंच तिला शिकवलेलं असतं. १.४५ पट झाली तर तासाभरात पडेल. घरात सहसा लावतात ती सी प्रकारची एमसीबी क्षणात पडायला पाचपट ते दहापट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. तो मातीतून येणं शक्य नाही. तोवर तुमच्या यंत्राच्या बॉडीवर १८ गुणिले ८, म्हणजे १४० व्होल्टच्या पुढं उभे आहेत. हे झकास अर्थिंग असताना.

आता तुमचा जांभा. रोधकता २०० धरू, उन्हाळ्यात ती याच्याही वर जाते. तोच रॉड ८० ओहम देतो. २३० भागिले ८५ म्हणजे पावणेतीन अँपिअर. एमसीबीला काही झाल्याचं कळणारसुद्धा नाही, आणि टाकीवर २१५ व्होल्ट. वायरमन "जांभ्यात अर्थिंग लागत नाही" म्हणतो ते एवढ्यापुरतं खरं आहे. पण काळ्या मातीतलं अर्थिंगही एकट्यानं माणूस वाचवत नाही, हे तो सांगत नाही. जिथं खांबावरून घरात दोनच तारा येतात आणि अर्थ ज्याची त्यानं घालायची असते, तिथं पाईपाला जोडीदार लागतोच. वीज नियमांत पुरवठादारानं मीटरजवळ अर्थ टर्मिनल द्यावं असंही आहे. तुमच्या मीटरबोर्डाजवळ ते आहे का बघा. नसेल तर हा सगळा हिशेब तुम्हाला लागू.

तो जोडीदार म्हणजे आरसीसीबी. तिचं काम एमसीबीपेक्षा अगदी निराळं. फेजमधून किती गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला एवढंच ती सतत ताडून बघत असते. फरक ३० मिलिअँपिअर झाला की पडते, आणि फरक मोठा असला तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. तिला पाडायला १६० अँपिअर लागत नाहीत. तुमचा ८० ओहमचा पाईप पावणेतीन अँपिअर वाहून नेतो, म्हणजे तिला लागतो त्याच्या नव्वदपट. इतकंच काय, ५० व्होल्ट ही घरगुती जागेत सुरक्षित मानलेली मर्यादा धरली तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला १६०० ओहमचा अर्थही कागदावर चालतो. मी तिथपर्यंत जाऊ देत नाही. एप्रिल-मेमध्ये कोरड्या जमिनीत मोजून १०० ओहमच्या आत आला की माझं समाधान होतं. जांभ्यात दोन ओहमचा हट्ट धरून तीन-तीन खड्डे पाडणं म्हणजे पैसे जमिनीत पुरणं. तेवढ्याच पैशांत दोन चांगल्या आरसीसीबी येतात.

दुकानात घेताना 'टी' लिहिलेलं बटण बघा, कारण तोंडावळा एमसीबीसारखाच असतो. दोन पोल, ४० अँपिअर, आणि वर ३० एमए लिहिलेलं हवं. १०० आणि ३०० एमएच्याही मिळतात, त्या आग आणि मोठ्या कारखान्यांसाठी, माणसासाठी नाहीत. इन्व्हर्टरचा फ्रीज किंवा वॉशिंग मशीन असेल तर 'ए' प्रकारची घ्या. आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, म्हणून तिच्या जोडीला एमसीबी राहणारच. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरून बसलात तर तीही वाचवणार नाही, तिच्या लेखी तुम्ही एक बल्बच.

आता न्यूट्रलला जोडण्याबद्दल. हा रोग आपल्या भागात इतका मुरलाय की त्यावर जरा सविस्तर लिहितो. बेळगावच्या वडगावला एका यंत्रमागाच्या घरात, पुढच्या खोलीत माग आणि मागं संसार, लोखंडी बोर्ड उघडला तर आत दोन हिरव्या वायरी सोलून काळ्या न्यूट्रलला पिळलेल्या होत्या. वर टेपचे चार वेढे. टेप वितळून डांबर झालेलं, तांबं निळंकाळं पडलेलं. घरातल्यांना विचारलं तर म्हणाले, "तेव्हापासून मागाला करंट मारायचा थांबला." थांबणारच. न्यूट्रल तिकडं टीसीजवळ जमिनीला लागलेला असतो, म्हणून चांगल्या दिवशी न्यूट्रलला जोडलेली बॉडी थंडगार वाटते. टेस्टर पेटत नाही, मुंग्या जातात, फेज-अर्थमध्ये बल्ब लखलखीत लागतो. गिऱ्हाईक खूष, वायरमन पाचच मिनिटांत मोकळा.

वाईट दिवस दोन प्रकारचा असतो. पहिला, खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला. वळिवाच्या वाऱ्यात हे दर वर्षी कुठं ना कुठं होतं. घरात एखादा बल्ब किंवा फॅन चालू राहिलेला असतो. त्यातून फेज पुढं जाऊन घरातल्या न्यूट्रलवर येतो, परतीची वाट तर तुटलेली. तो न्यूट्रल तुम्ही हिरव्या वायरीला पिळलाय, आणि हिरवी वायर फ्रीज, गिझर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर सगळ्यांच्या बॉडीला. घर अंधारात असतं. सगळे म्हणतात, लाईट गेली. आणि त्या अंधारात कुणी फ्रीज उघडायला जातं. तुमचा ८० ओहमचा पाईप तो करंट ओढून घेईल म्हणाल, तर एक गिझर जरी चालू राहिला तरी बॉडीवर १७० च्या आसपास व्होल्ट राहतात. वायरी न पिळता तोच न्यूट्रल तुटला असता तर घर नुसतं अंधारात राहिलं असतं, बॉड्या निर्धोक.

दुसरा प्रकार याहून साधा. वादळानंतर खांबावरच्या तारा परत जोडताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते. बल्ब तसाच लागतो, फॅन तसाच फिरतो. पण तुमच्या घरात ज्याला न्यूट्रल म्हणून पिळलं तो आता फेज आहे. घरातला प्रत्येक पत्रा थेट २३० वर.

इंग्लंडसारख्या देशात न्यूट्रल आणि अर्थ मीटरपाशी एकत्र करतात, हा दाखला देणारे इंजिनिअर भेटतात. तिथं ते काम पुरवठादार स्वतः करतो, वाटेत ठिकठिकाणी न्यूट्रल जमिनीत घालतो आणि घरातले सगळे धातूचे पाईप जाड वायरीनं एकमेकांना जोडणं सक्तीचं असतं. त्यातलं काहीही न करता फक्त शेवटची पीळ मारायची, याला नक्कल म्हणत नाहीत.

याचीच उलटी चाल मळ्यातल्या वस्तीवर दिसते. न्यूट्रल गेला की बल्बची एक वायर फेजला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या पहारीला. बल्ब लागतो. आणि त्या पहारीभोवतीच्या ओल्या मातीत करंट पसरलेला असतो, तिथं अनवाणी माणूस फिरतो, बैल फिरतो. पायापायातलं अंतर बैलाचं जास्त, म्हणून तो आधी जातो.

बल्बची गोष्ट निघालीच आहे तर अर्थिंग बघायच्या त्या प्रसिद्ध युक्तीबद्दलही सांगतो. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा, लागला की अर्थिंग पास. १०० वॅटच्या बल्बचा रोध ५२९ ओहम. तुमचं अर्थिंग १०० ओहमचं, म्हणजे आरसीसीबीशिवाय टुकार, असलं तरी बल्बला १९३ व्होल्ट मिळतात आणि तो ७० वॅटनं जळतो. डोळ्याला फरक कळतो का? एलईडी बल्ब असेल तर तोही कळणार नाही. खरं मोजायचं तर अर्थ टेस्टर लागतो. पाईपापासून लांब एक खिळा, मधे सुमारे बासष्ट टक्के अंतरावर दुसरा, आणि यंत्र ओहम सांगतं. परवानाधारक ठेकेदाराकडं तो असतो. वास्तुशांतीच्या यादीत त्याचं नाव घाला, पण बोलवा मात्र मे महिन्यात. जुलैत जांबोटीला कुणाचंही अर्थिंग चांगलंच येतं.

सासऱ्यांच्या दहा फुटांबद्दल. त्यांचं सगळंच चुकतंय असं नाही. रोध खोलीनं उतरतो, रुंदीनं नाही. रॉडची लांबी दुप्पट केली तर रोध जवळजवळ निम्मा होतो, जाडी दुप्पट केली तर जेमतेम दहा-अकरा टक्के. जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढुरकी-गुलाबी चिकण माती लागते, ती ओल धरते. तिथवर रॉड पोचला तर चांगलाच. पण त्यासाठी माणूस उतरेल एवढा खड्डा खणायची गरज नाही, चार इंची बोअर मारून लांब रॉड सोडता येतो. नाहीतर दुसरा पाईप पहिल्यापासून पाच मीटरवर घालून दोन्ही जोडा. अगदी शेजारी घातला तर फायदा पदरात पडत नाही, दोघं एकाच मातीवर बसतात. भिंतीपासून किमान दीड मीटर अंतर ठेवा. बोअरची केसिंग लोखंडी असेल तर तीही जोडायला हरकत नाही, पण एकट्या तिच्या भरवशावर राहू नका. मोटर वर काढणारे लोक आधी तुमची तारच तोडतात.

कोळसा-मीठ हा जुना उपाय, काम करतो, पण थोडेच दिवस. खानापूरच्या पावसात मीठ पहिल्या-दुसऱ्या वर्षीच धुपून जातं, आणि जाताना जीआयचा जस्ताचा मुलामा खाऊन जातं. काळ्या मातीत ते टिकतं जास्त आणि पाईप कुजवतंही जास्त. मी आता मीठ घालत नाही, बेंटोनाइट मातीचा भराव करतो. निपाणी-चिकोडीकडच्यांसाठी एक सूचना: काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाईपाला सोडते. भेगेच्या खाली पाईप गेला पाहिजे. बेळगावात शहापूर, खासबागकडच्या जुन्या घरांत अर्थची तार नळाच्या लोखंडी पाईपाला बांधलेली असायची. नळाचे पाईप प्लॅस्टिकचे झाले आणि ती तार कशालाच न लागता लटकत राहिली. घर घेताना बघून घ्या.

आता आरसीसीबी लावल्यावर काय होईल ते सांगतो. ती पडेल. पहिल्या आठवड्यात दोनदा-तीनदा पडेल, वायरमन म्हणेल "पीस खराब आहे" आणि बायपास करून जाईल. बहुतेक घरांत ती अशीच मरते. पीस खराब नसतो. आधी न्यूट्रल-अर्थची पीळ कुठं राहिली आहे का ते बघा. तशी पीळ असेल तर न्यूट्रलचा थोडा करंट जमिनीतून परततो, फरक पडतो आणि आरसीसीबी लोड देताक्षणी आडवी. ती नेमकं तुमच्या वायरमनचं पाप दाखवते, म्हणून तिच्यावर एवढा राग. दुसरं कारण उसना न्यूट्रल. जिन्यातल्या दिव्याची फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. तिसरं लाईट गेल्यावर चालणारा बॅटरीचा इन्व्हर्टर. जुन्या वायरिंगमध्ये तो घालताना फेज वेगळी करतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच ठेवतात. आरसीसीबीनंतरचा न्यूट्रल तिच्याच पट्टीवर हवा, दुसऱ्या पट्टीत मिसळता कामा नये. चौथं कारण खरी गळती: गिझरचं एलिमेंट फुगलेलं, अंगणातल्या दिव्यात पाणी, मोटरचा भिजलेला जॉइंट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथल्या भिंती आतून वाळायला महिने लागले, आणि अशा घरात आरसीसीबी पडते ती बरोबरच असते. शोधायची रीत एकच. सगळ्या एमसीबी खाली करा, एकेक वर करत जा, जिच्यावर पडली ते सर्किट. एका एमसीबीनं सापडलं नाही तर न्यूट्रल सोडवून बघावा लागतो, ते काम वायरमनचं.

एक बाथरूम आणि मोटर, दुसरी बाकी घर, अशा दोन लावल्यात तर रात्री एकीमुळं सगळं घर अंधारात जाणार नाही. महिन्याला एकदा टी बटण दाबा. ते बटण फक्त आरसीसीबी जिवंत आहे एवढंच सांगतं, अर्थची तार तुटलेली असली तरी ती पडतेच. म्हणून बटण दाबून पडली, आता अर्थिंग चांगलं, असा निष्कर्ष काढू नका.

आरसीसीबीच्या आवाक्याबाहेरची एक जागा आहे, आणि तिनं आपल्या भागात पावसाळ्यात फार माणसं नेली आहेत. खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर. ती पत्र्याच्या कडेला घासते, वरचं प्लॅस्टिक जातं, ओल्या पत्र्यावर फेज येतो. त्याच पत्र्याच्या अँगलला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली. आरसीसीबी मीटरच्या पुढं असते, तिला हे दिसतच नाही. सर्व्हिस वायर पोर्सेलिनच्या रिळावरून, पत्र्यापासून हातभर उंच आणा, आणि कपड्यांना नायलॉनची दोरी बांधा.

पाईपापासून डीबीपर्यंत ८ नंबरची जीआय तार चालते, तांब्याची असेल तर उत्तम. पाईपाला लग (तारेच्या टोकाला बसवायची भोकाची पत्री) आणि नट-बोल्ट, वर ग्रीस, आणि उघडता येईल असा चेंबर. सिमेंटनं लिंपू नका. घरातल्या सॉकेटना हिरवी वायर फेजच्याच जाडीची ओढा.

राहिला भाडेकरू. दुसरा खड्डा लागणार नाही, एका पाईपावरून दोन्ही डीबींना अर्थ द्या. पण आरसीसीबी दोघांच्याही डीबीत हवी, आणि ही अट सोडू नका. समजा तुम्ही बसवली आणि वर बसवली नाही. वरच्या गिझरमध्ये फेज सुटला, पाईपावर दोनशे व्होल्ट चढले, वरची एमसीबी पडली नाही. पाईप दोघांचा एकच, म्हणून ते दोनशे व्होल्ट हिरव्या वायरीतून खाली तुमच्या फ्रीजवर येऊन बसतात. आणि तुमची आरसीसीबी गप्प राहते, कारण तुमच्या फेज-न्यूट्रलमध्ये काहीच फरक पडलेला नाही. शेजाऱ्यानं "तुमच्या खड्ड्यावरून जरा आमची पण तार घेतो" म्हटलं तर त्यालाही आधी त्याचा डीबी उघडून दाखवायला सांगा.